इतकी वर्षं नोकरी केल्यावर एचआर 'राइट टू वर्क' (इथे काम करायचा हक्क असल्याचा पुरावा) मागतंय, देऊ का? यूकेवाले प्लीज सांगा

अबोली_लेस्टर

नमस्कार मंडळी, इथे यूकेतले बरेच जण आहात म्हणून विचारतेय, त्यातून एचआरमधलं कोणी असेल तर फारच बरं, कारण नवरा म्हणतो देऊन टाक आणि विषय संपव, मैत्रीण म्हणते अजिबात देऊ नकोस, आणि मला दोन रात्री नीट झोप नाही.

मी लेस्टरला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, २०१२ पासून. आम्ही २००६ ला आलो, नवऱ्याचा एचएसएमपी (कुशल लोकांसाठीचा व्हिसा) होता, मी डिपेंडंट. २०११ ला दोघांचं आयएलआर (इथे कायमचं राहायची परवानगी) झालं. तेव्हा आम्हाला कार्ड वगैरे नाही मिळालं, पासपोर्टवर स्टिकर चिकटवून दिलं होतं. नवऱ्याने पुढे ब्रिटिश पासपोर्ट घेतला, मी नाही घेतला. गावाकडच्या जमिनीची भानगड हे एक कारण, आणि खरं सांगायचं तर माझ्याने आपला पासपोर्ट सोडवेना.

नोकरीला लागले तेव्हा एचआरच्या बाईने माझ्यासमोर पासपोर्टची आणि त्या स्टिकरची झेरॉक्स काढली, त्यावर तारीख घालून सही केली आणि फाइलला लावली. नंतर पासपोर्ट संपला, व्हीएफएसला खेटे घालून नवा काढला, स्टिकर राहिलं जुन्यातच. भारतात जाता येताना दोन्ही पासपोर्ट रबरबँड लावून नेते, एअरपोर्टवर आजवर कोणी अडवलं नाही.

तर आता मेल आलाय की इंटर्नल ऑडिट चालू आहे, शुक्रवारपर्यंत शेअर कोड (आपला हक्क ऑनलाइन दाखवायचा कोड) पाठवा, नाही पाठवला तर विनापगार सस्पेंड करण्यात येऊ शकतं. शेअर कोड काढायला बसले तर ते यूकेव्हीआयचं (इथल्या व्हिसा खात्याचं) अकाउंट मागतंय, अकाउंट उघडायला गेले तर बीआरपीचा (राहायच्या परवानगीच्या कार्डाचा) नंबर मागतंय, आणि माझ्याकडे बीआरपी कधी नव्हतंच!! मग मी देऊ काय?

आणि खरं टोचलं ते वेगळंच. माझ्या शेजारी बसते ती इंग्लिश बाई माझ्या नंतर कितीतरी वर्षांनी लागली, तिला मेल नाही. आमच्या टीममधे मेल कोणाकोणाला, तर मी, एक पोलिश मुलगी, आणि एक गुजराती मुलगा जो इथेच लेस्टरच्या हॉस्पिटलात जन्मलाय, त्याने आयुष्यात व्हिसाचा फॉर्म बघितलेला नाही. तो हसण्यावारी नेतोय पण मला नाही हसू येत.

हे देणं बंधनकारक आहे का, शेअर कोडच नसेल तर काय करायचं, आणि 'बाकीच्यांना का नाही विचारलं' असं मी विचारलं तर उगाच डोळ्यावर येईन का?

खवट_काका

कर नाही त्याला डर कशाला. कागद आहेत ना, मग द्यायचे. आपण त्यांच्या देशात आहोत, नियम त्यांचे. पुण्यात सोसायटीचा वॉचमन आधार मागतो तेव्हा मुकाट देतोच ना आपण.

पगारपत्रक

काका, इथे प्रश्न डरचा नाहीये, तिच्याकडे जे मागताहेत ते तिच्याकडे असूच शकत नाही हा आहे.

अबोलीताई, मी बर्मिंगहॅमकडे एचआरमधे आहे, हीच कामं करते रोज. वकील नाही, तेव्हा सस्पेन्शनचं पत्र खरंच हातात पडलं तर मात्र वकील किंवा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस गाठा.

पहिलं म्हणजे हे प्रकरण चालतं कसं ते. २००६ च्या कायद्याने (जो २९ फेब्रुवारी २००८ पासून लागू आहे) कंपनीने माणूस कामावर रुजू होण्याच्या आधी कागद तपासायचे, कॉपी ठेवायची, तारीख टाकायची. एवढं केलं की कंपनीला कायद्याचं कवच मिळतं, पुढे काही निघालं तरी दंड बसत नाही. त्यात दोन याद्या आहेत. पहिल्या यादीतले म्हणजे ज्यांना कायमचा हक्क आहे, ब्रिटिश, आयरिश, आयएलआरवाले. त्यांना एकदा तपासलं की संपलं, नोकरी आहे तोवर परत तपासायची गरज नाही. दुसरी यादी व्हिसावाल्यांची, ज्यांना तारीख असते, त्यांना ती तारीख यायच्या आत परत तपासावंच लागतं आणि ते मागितलं तर त्यात वावगं काही नाही. २०१२ ला तपासलेलं तुमचं स्टिकर तेव्हाच्या चालू पासपोर्टवर होतं, म्हणजे पहिली यादी. पुढे पासपोर्ट संपला म्हणून ती तपासणी रद्द होत नाही.

मग आता का मागताहेत? तर भीती. १३ फेब्रुवारी २०२४ पासून दंड वाढलाय, आधी एका माणसामागे १५ हजार पौंडांपर्यंत होता तो ४५ हजार झाला, आणि परत सापडले तर ६० हजार. त्यातून कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स (परदेशी माणसं व्हिसावर ठेवायचा परवाना) असेल तर ते जाण्याची धास्ती. मग कोणीतरी कन्सल्टंट येतो, फायली उघडतो, निम्म्या फायलींत झेरॉक्स सापडत नाही कारण मधे ऑफिस हललं, सिस्टम बदलली, कोणीतरी सगळं स्कॅन करून मूळ कागद फाडले, आणि मग असा सरसकट मेल सुटतो. तुमच्या केसमधे सरसकटही नाही, तीच तर गोची आहे.

यात एक गोष्ट बऱ्याच एचआरवाल्यांनाही माहीत नसते, माझ्या आधीच्या मॅनेजरला तर अजिबात पटायची नाही. हा दंड हक्क नसलेल्या माणसाला कामावर ठेवल्याबद्दल आहे. फाइलमधे झेरॉक्स नाही म्हणून नाही. तुम्हाला हक्क आहेच, त्यामुळे तुमची फाइल पूर्ण कोरी असली तरी तुमच्यामुळे कंपनीला एक पेनीचा दंड बसणार नाही. (स्पॉन्सर केलेल्या लोकांचं वेगळं, त्यांची कॉपी ठेवणं हे लायसन्सच्या अटीतच आहे.)

कंपनीला परत विचारायला मनाई आहे का, तर तशी नाही. पण विचारायचं तर सगळ्यांना. यासाठी सरकारचीच भेदभाव टाळण्याबद्दलची आचारसंहिता आहे, नाव, रंग, बोलण्याची धाटणी बघून निवडक लोकांना विचारू नये असं त्यात आहे. इक्वालिटी अ‍ॅक्ट २०१० खाली वंशात राष्ट्रीयत्व पण येतं. इथे जन्मलेल्या मुलाला मेल आणि शेजारच्या बाईला नाही, म्हणजे यादी आडनावं वाचून केलीय असा वास येतो. कदाचित 'ज्यांची फाइल अपुरी' अशीही यादी असेल आणि योगायोग असेल. विचारल्याशिवाय कळणार नाही.

शेअर कोडचं म्हणाल तर तो तुमच्याकडे नसणं हे अगदी साहजिक आहे. ऑनलाइन तपासणी सक्तीची झाली ६ एप्रिल २०२२ पासून, आणि ती बीआरपीवाल्यांसाठी. तुमच्यासारख्या जुन्या स्टिकर किंवा शिक्क्यावाल्यांना ईव्हिसा (परवानगीची ऑनलाइन नोंद) हवा असेल तर आधी 'नो टाइम लिमिट' म्हणून अर्ज करावा लागतो, एनटीएल म्हणतात. फी नाही. पण वेळ लागतो, शुक्रवारपर्यंत व्हायची गोष्टच नाही ती.

तर मी तुमच्या जागी असते तर आजच मेल केला असता, गोड भाषेत. की माझी तपासणी २०१२ ला रुजू होण्याआधी झाली, कृपया ती कॉपी फाइलमधे बघा. मला आयएलआर आहे, ते पासपोर्टवरच्या स्टिकरच्या रूपात दिलेलं आहे त्यामुळे शेअर कोड निघत नाही, दोन्ही पासपोर्ट मी ऑफिसात समोर दाखवायला तयार आहे (मूळ पासपोर्ट हातात ठेवून घेऊ देऊ नका हं), आणि एनटीएलचा अर्ज करते आहे. आणि शेवटी एक ओळ, ही तपासणी सर्व कर्मचाऱ्यांची चालू आहे का आणि कोणत्या निकषावर, हे कळवावं. एवढंच. भेदभाव हा शब्दसुद्धा नको पहिल्या मेलमधे.

अबोली_लेस्टर

ताई किती धन्यवाद देऊ. म्हणजे निदान माझं काही चुकलेलं नाही हे कळलं. एनटीएलबद्दल मी ऐकलंसुद्धा नव्हतं, मला वाटायचं ईव्हिसाची ती भानगड फक्त कार्डवाल्यांची, २०२४ संपताना सगळ्यांची कार्डं बाद होणार म्हणून ग्रुपवर आरडाओरडा चालला होता तेव्हा मी निवांत होते.

विनापगार सस्पेंड करू शकतात का पण खरंच? घराचा हप्ता आहे हो.

पगारपत्रक

हक्क असलेल्या माणसाला कागदाच्या घोळापायी बिनपगारी घरी बसवलं तर तो पगार कापल्याचा दावा होऊ शकतो, ट्रायब्युनलच्या (नोकरीच्या तंट्यांच्या कोर्टाच्या) अपिलात असं ठरलेलंही आहे. धमकी मेलमधे घालणं सोपं असतं, पत्र काढताना त्यांचा वकील त्यांना दोनदा विचार करायला लावेल. पण एक लक्षात ठेवा, भेदभावाची तक्रार न्यायची वेळ आली तर मुदत फार कमी असते, साधारण तीन महिने, आणि आधी एकॅसकडे (नोकरीतले तंटे मिटवणाऱ्या संस्थेकडे) जावं लागतं. 'बघू नंतर' करत बसू नका. युनियन असेल तर तिच्या प्रतिनिधीला आत्ताच सांगून ठेवा.

ट्यूबवाला_हॅरो

खवट काका, तुमचा मुद्दा कळतो पण 'कागद आहेत ना मग द्या' हे ज्यांच्याबाबत खोटं ठरलं त्यांची आठवण काढा जरा. विंड्रशवाले. १९७३ च्या आधी कॅरिबियनमधून आलेले, कायद्याने पूर्ण हक्काचे लोक, कोणी बस चालवली कोणी हॉस्पिटलात आयुष्य काढलं, आणि अचानक एक दिवस मालक म्हणतो पेपर दाखव. पेपर कधी कोणी दिलेच नव्हते त्यांना! आल्याची नोंद ज्या लँडिंग कार्डांवर होती ती होम ऑफिसनेच (इथल्या गृहखात्याने) २०१० मधे नष्ट केलेली. नोकऱ्या गेल्या, घरं गेली, काहींना डिटेन्शनमधे टाकलं, काहींना देशाबाहेर काढलं. एप्रिल २०१८ मधे होम सेक्रेटरी (गृहमंत्री) अ‍ॅम्बर रड यांना राजीनामा द्यावा लागला या सगळ्या गदारोळात.

आता अबोलीताईंचं तितकं वाईट नाही, स्टिकर आहे. पण जात तीच आहे प्रश्नाची. सरकारने तेव्हा दिलेला कागद आता सरकारच्याच नव्या पद्धतीत बसत नाही, आणि त्याचं ओझं मात्र कामाला जाणाऱ्या माणसावर.

खवट_काका

बरं बाबा. पण वॉचमनचं मी बरोबरच बोललो.

पेडणेकर_स्विंडन

हा विषय आमच्या स्विंडनमधे चघळून चोथा झालाय. इथे गोयंकार ढिगाने, आणि बहुतेक सगळे पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले, कारण १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना ते नागरिकत्व घेता येतं. माझ्या आजोबांचा जन्मदाखला शोधायला पेडण्याहून पणजी किती वेळा झालं ते माझ्या बापाला विचारा.

तर ब्रेक्झिट झालं, इथे असलेल्या युरोपियनांना राहता यावं म्हणून सेटलमेंट स्कीम आली, अर्जाची शेवटची तारीख होती ३० जून २०२१. सरकारने स्वच्छ सांगितलेलं की त्या तारखेपर्यंत जे युरोपियन कामाला आहेत त्यांना मागे जाऊन परत तपासायची गरज नाही. पण वेअरहाउसमधे कोण वाचतो ते? शिफ्ट सुपरवायझर येऊन म्हणायचा, सोमवारपासून सेटल्ड स्टेटस दाखव नायतर शिफ्ट नाही. वर्षानुवर्षं तिथेच पॅकिंग करणाऱ्या मावश्यांना. एजन्सीतर्फे काम असेल तर अजून मजा, शिफ्ट नाही म्हणजे पैसे नाहीत, सस्पेन्शन बिस्पेन्शन काय नसतंच, फोन यायचा बंद होतो फक्त. त्यात त्याच उन्हाळ्यात इथला होंडाचा कारखाना बंद झाला, लोक नव्या ठिकाणी लागले, तिथे परत नव्याने तपासणी, आता ती मात्र बरोबर होती, नवी नोकरी म्हणजे नवी तपासणी.

कितीतरी मावशी-काकांचं अकाउंट मुलाच्या नाहीतर एजंटच्या मोबाइल नंबरवर उघडलेलं. मुलगा नंबर बदलतो, एजंट गायब, आणि हे लोक स्वतःच्या स्टेटसच्या बाहेर कुलूप लावून उभे. आम्ही शनिवारी चर्चच्या हॉलमधे बसून नंबर बदलून द्यायचो. अबोलीताई, एनटीएल झाल्यावर अकाउंट स्वतःच्याच ईमेल आणि नंबरवर ठेवा, नवऱ्याच्यासुद्धा नको.

आणि प्रीसेटल्डवाल्यांनो (त्याच स्कीममधलं तात्पुरतं स्टेटस असलेल्यांनो), आता तुमचीपण मधे मधे फेरतपासणी करायची गरज मालकाला राहिलेली नाही. मागितली तर गाइडन्सचं पान प्रिंट करून द्या, मी तसंच केलं.

नर्स_भाऊ

मधेच घुसतोय सॉरी. मी केअर होममधे आहे, स्किल्ड वर्कर व्हिसावर. माझा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय, एक्स्टेंशनचा अर्ज आत्ताच टाकला, बायोमेट्रिकपण झालं. मॅनेजर म्हणतात नवीन व्हिसा येईपर्यंत त्या तारखेनंतर कामावर येऊ नको. असं असतं का? दोन महिने बसून राहू?

पगारपत्रक

नाही भाऊ. व्हिसा संपायच्या आत अर्ज टाकला ना, मग निकाल लागेपर्यंत तुमची जुनी परवानगी जुन्या अटींवर आपोआप चालू राहते. सेक्शन थ्री-सी म्हणतात त्याला. फक्त त्याच होममधे, त्याच कामावर राहा, मधेच दुसरीकडे उडी नको, आणि निकाल येईपर्यंत देशाबाहेर जाऊ नका, गेलात तर अर्ज मागे घेतल्यात जमा धरतात. गणपतीला जायचं तिकीट काढलं असेल तर विचार करा.

मॅनेजरने काय करायचं, तर होम ऑफिसच्या एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसला ऑनलाइन विचारायचं. तिकडून पॉझिटिव्ह नोटीस येते, ती सहा महिने चालते, आणि तेवढ्यात निकाल नाही लागला तर परत विचारायचं. हे उत्तर येईपर्यंत व्हिसा संपल्यापासून २८ दिवसांपर्यंत कंपनीला कवच असतं, म्हणजे एक दिवसही बसवायची गरज नाही. अर्ज भरल्याची तारीख दिसेल असा मेल आणि फी भरल्याची पावती मॅनेजरला पाठवा आणि ही सर्व्हिस वापरायला सांगा. एका पिझ्झा डिलिव्हरीवाल्याची केस झालेली आहे २०१८ मधे, त्याने वेळेत अर्ज टाकला होता पण पुरावा मालकापर्यंत वेळेत पोचला नाही, मालकाने काढून टाकलं आणि अपिलाची संधीही दिली नाही, वरच्या ट्रायब्युनलने मालकाला सुनावलं की अपील द्यायला हवं होतं. तेव्हा पुरावा आधी पोचवा. तोंडी नको.

नर्स_भाऊ

वाचवलंत ताई. आत्ता लगेच करतो. तिकीट नाही काढलेलं अजून 🙏

एडिसनकर

इकडे न्यू जर्सीत उलटी तऱ्हा. इथे कामाचा हक्क तपासायला आय-नाइन फॉर्म, १९८६ च्या कायद्यापासून. ग्रीन कार्डवाल्याचं कार्ड नोकरी चालू असताना संपलं तरी एम्प्लॉयरने परत मागायचं नाही, मागितलं तर तोच अडचणीत येऊ शकतो. आणि कोणता कागद दाखवायचा तेही कामगार ठरवतो, मालकाने 'मला ग्रीन कार्डच दाखव' म्हणायचं नाही, ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड दाखवलं तरी घ्यायलाच लागतं. त्यासाठी जस्टिस डिपार्टमेंटमधे वेगळा विभाग आहे, हॉटलाइन आहे. प्रत्यक्षात माझ्या क्लायंटच्या एचआरने सगळ्या देशी लोकांना मेल केलाच होता तो भाग वेगळा. आम्ही तिघांनी मिळून उत्तर दिलं आणि दुसऱ्या दिवशी 'चुकून गेला' म्हणून मेल आला.

अबोली, तू, पोलिश मुलगी आणि तो गुजराती मुलगा एकत्र विचारा. एकटीने विचारलं तर तू कटकटी, तिघांनी विचारलं तर तो प्रश्न.

अबोली_लेस्टर

अपडेट देते. गुजराती मुलगा तयार झाला, पोलिश मुलगी म्हणाली तिने शेअर कोड देऊन टाकला, तिला वाद नकोय, तिचं तिला. आम्ही दोघांनी काल ताईंनी सांगितलं तसा मेल केला. उत्तर आलं की माझी २०१२ ची फाइल 'लोकेट करत आहोत' आणि शुक्रवारची तारीख माझ्यापुरती मागे घेतली आहे. त्या मुलाला म्हणाले पासपोर्ट दाखव, त्याचा ब्रिटिश पासपोर्ट संपलेला आहे तर चालणार नाही म्हणे.

सगळ्यांना विचारलं का याचं उत्तर मात्र दोघांनाही दिलं नाही. त्या ओळीवरून सरळ उडी मारून पुढे गेलेत.

पगारपत्रक

ब्रिटिश पासपोर्ट संपलेला असला तरी हाताने तपासणी करताना चालतो, यादीत तसं स्पष्ट आहे. ऑनलाइन ओळख तपासणाऱ्या कंपनीमार्फत करायचं असेल तेव्हाच चालू पासपोर्ट लागतो. नाहीतर जन्मदाखला आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर असलेला पी-सिक्स्टी (कंपनी देते तो वर्षाच्या पगार-कराचा कागद). त्याला सांगा घाईघाईने पासपोर्ट रिन्यू करून पैसे घालवू नकोस.

आणि न दिलेल्या उत्तराची आठवण पुढच्या आठवड्यात करा, त्याच मेलच्या खाली, म्हणजे तारखा एका साखळीत राहतील.

मीनल_रेडिंग

एक शंका, अबोलीताईंना पुढे लागेलच म्हणून इथेच विचारते. माझ्या ईव्हिसावर लग्नाआधीचं नाव आहे, पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, आणि पेरोलवर नुसतं नाव आणि आडनाव. एचआर म्हणतंय ही तीन वेगळी माणसं आहेत.

पगारपत्रक

हे आपल्याकडे घरोघरी आहे. नाव वेगळं दिसलं की एचआरने कारणाचा कागद मागायचा, मॅरेज सर्टिफिकेट, आणि त्याची कॉपी तपासणीबरोबर ठेवायची, नाव जुळत नाही एवढ्यावरून नापास करायचं नाही. पण तुम्ही यूकेव्हीआय अकाउंटमधे नवा पासपोर्ट जोडा आणि नाव बदलल्याचं तिथे कळवा, ते दुरुस्त झाल्यावरच शेअर कोड काढा. कोड ९० दिवस चालतो, कामासाठीचा डब्ल्यूने सुरू होतो, घरभाड्यासाठीचा वेगळा असतो, तो देऊ नका चुकून. स्क्रीनशॉटही पाठवू नका, एचआरने स्वतः त्यांच्या बाजूच्या साइटवर कोड आणि जन्मतारीख टाकून बघायचं असतं.

अबोलीताई, एनटीएलला तुमचा इथला मुक्काम दाखवावा लागेल, आयएलआर झाल्यापासून सलग दोन वर्षं बाहेर राहिलेला नाही असं. तुमचे सगळे पी-सिक्स्टी तर त्याच कंपनीने दिलेले असणार, घरात नसतील तर त्यांच्याकडूनच मागून घ्या.